प्रबंधाबरोबर घरांची यादीही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या चौथ्या सत्राचे प्रबंध जमा करायचे दिवस आले की विद्यापीठांच्या आसपासच्या बाइंडिंगवाल्यांकडे रांगा लागतात. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरे, आत शंभर-सव्वाशे पाने. समाजशास्त्र, समाजकार्य, ग्रामीण विकास, विषय कोणताही असो, तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते: 'प्रस्तुत अभ्यासासाठी साध्या यादृच्छिक नमुना पद्धतीने ५० उत्तरदात्यांची निवड करण्यात आली.' यादृच्छिक म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी देऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. तोंडी परीक्षेत यावर एवढेच विचारून पाहावे, की कोणत्या यादीतून? विद्यार्थी मार्गदर्शकांकडे बघतो, मार्गदर्शक खिडकीकडे. यादी नसतेच. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर टाकलेली असते आणि आधी भरून पाठवणारे पहिले ५० जण हाच नमुना असतो. याला सोयीचा नमुना म्हणतात. तसे उघडपणे लिहिले आणि त्याच्या मर्यादा सांगितल्या तर तो चालतोही. त्याला यादृच्छिक म्हटले की ते खोटे होते. आणि नेहमी ५०च का? तर दोनने गुणले की टक्के निघतात.

हा प्रश्न किरकोळ राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या आराखड्यात दोन वर्षांचे एम.ए. ८८ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) आहे. त्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. एकूण १८, म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पहिल्या सत्रातला विषय मात्र अजून गाईडमधूनच पाठ होतो. 'गृहीतकाची वैशिष्ट्ये सांगा', 'प्रश्नावली व अनुसूची यांतील फरक स्पष्ट करा' यांची उत्तरे मुले झोपेतही देतात. त्याच मुलांना २४० घरांच्या गावातून घरे निवडून दाखवा म्हटले, की वही कोरी राहते.

म्हणून हे पत्र जरा तपशिलात जाऊन लिहीत आहोत.

यादी कुठून आणायची? ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतो. पण ती कर आकारणीची नोंदवही आहे; तिच्यात मिळकती आहेत, कुटुंबे नाहीत. एका घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर तिथे नोंद एकच असते. शेतवस्ती, वीटभट्टीवरची पाले, गायरानातली घरे तिच्यात बरेचदा नसतात. मतदार यादीत अठराच्या आतले कोणी नाही आणि लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला कायमचे गेलेले मुलगे वर्षानुवर्षे तसेच असतात. अंगणवाडीताईंचे कुटुंब सर्वेक्षण रजिस्टर या दोन्हींपेक्षा बरे. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी असते आणि घरोघरी फिरून ते रजिस्टर भरलेले असते. तरीही गरोदर बाई किंवा लहान मूल नसलेल्या घराची नोंद ताजी असेलच असे नाही. जनगणनेचे आकडे २०११चे. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे तिची गावनिहाय माहिती हातात यायला अजून वेळ आहे.

तेव्हा यादी आपण करायची, त्याला पर्याय नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी कुटुंब पाहणी घ्या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. तिथेही जनगणनेची यादी फक्त गावे आणि शहरांतले जनगणना गट निवडण्यापुरती वापरली. घरे निवडण्याआधी प्रत्येक ठिकाणी नव्याने घरयादी केली आणि मग तिच्यातून २२ घरे काढली. सरकारी पाहणीला जे टाळता आले नाही ते विद्यार्थ्याला टाळता येईल, असे मानायचे कारण काय?

घरयादी करायला पाटी, पेन्सिल आणि पायात चांगल्या चपला पुरतात. आधी गावाचा हातनकाशा: रस्ते, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, वाड्या, तांडा. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात करून घर सतत उजव्या हाताला ठेवत चालायचे आणि क्रमांक टाकत जायचे. क्रमांक दाराला नव्हे, चुलीला. ज्यांचे जेवण एका चुलीवर ते एक कुटुंब, ही जनगणनेचीही व्याख्या आहे. 'तुमच्यात किती कुटुंबं?' असे विचारले तर 'एकच की, आम्ही एकत्रच आहोत' हे उत्तर येते. 'सैपाक वेगळा का एकत्र?' म्हटले की खरे कळते. कुलूप असलेल्या घरालाही क्रमांक द्यायचाच आणि कुठे गेलेत ते शेजाऱ्याला विचारून लिहायचे. दोघांच्या जोडीने दिवसाला ६० घरे होतात. २४० घरांचे गाव चार दिवसांत आटोपते.

आता किती घरे घ्यायची. पुस्तकात ३८४ हा आकडा असतो आणि तो वाचून विद्यार्थी हबकतात. तो ९५ टक्के खात्री आणि ५ टक्क्यांची चूक धरून येतो. १० टक्क्यांची चूक चालवून घेतली तर तोच हिशेब ९६ वर उतरतो. आणि गाव २४० घरांचेच असेल तर लहान समष्टीची (एकूण घरेच थोडी असल्याची) दुरुस्ती लावून ६९ घरे पुरतात. काही घरे मिळणार नाहीत, काही नकार देतील, म्हणून ८० निवडावीत. २४० भागिले ८० म्हणजे अंतर ३. एक ते तीनमधली एक चिठ्ठी काढायची. दोन निघाला तर घर क्रमांक २, ५, ८, ११, असे २३९ पर्यंत. एवढे केले की 'क्रमबद्ध यादृच्छिक नमुना' हे शब्द प्रबंधात लिहायचा अधिकार मिळतो. आणि निष्कर्षात '६२.५० टक्के' असा दोन दशांश स्थळांचा थाट न करता 'दर आठ घरांपैकी सुमारे पाच' असे लिहावे, कारण चूक दहा टक्क्यांची आहे हे आपणच मान्य केले आहे.

घात होतो तो इथून पुढे. निवडलेल्या घराला कुलूप दिसले की विद्यार्थी शेजारच्या दारावर थाप मारतो. दिवसा घरी कोण असते? म्हातारी माणसे, दुकानदार, लेकुरवाळ्या. मजुरीला गेलेले सगळे अशा रीतीने नमुन्यातून गळतात आणि शेवटी 'गावात बेरोजगारीचे प्रमाण जास्त आढळले' असा निष्कर्ष निघतो. घर बदलायचे नाही. तीन वेगवेगळ्या वेळी जायचे: एकदा सकाळी आठच्या आत, एकदा दिवे लागणीनंतर, एकदा बाजाराच्या दिवशी. तरीही भेट झाली नाही तर समोर 'बंद' लिहून पुढे. पूर्ण, अर्धवट, नकार, बंद, स्थलांतरित, अशा पाच खुणा पुरतात. ही खुणांची यादी प्रबंधातल्या कोणत्याही वर्तुळालेखापेक्षा जास्त बोलते.

स्थलांतरितांचे घोडे तर वेळापत्रकातच अडलेले आहे. तिसरे सत्र साधारण जुलै ते नोव्हेंबर, चौथे डिसेंबर ते मे. विषय मान्य होणे, प्रश्नावली तपासून घेणे यात तिसरे सत्र जाते आणि क्षेत्रकार्य येते डिसेंबर-जानेवारीत. नेमके तेव्हा बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. ती दसरा-दिवाळीच्या सुमारास जातात, परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. जानेवारीत त्या गावी जाऊन 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण' या विषयावर माहिती गोळा करणे म्हणजे जे गेले नाहीत त्यांनाच गेलेल्यांबद्दल विचारणे. अशा विषयाची घरयादी ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या सुमारास व्हायला हवी. मुलाखती दसऱ्याच्या आत, नाहीतर सरळ फडावर जाऊन.

त्याच विषयातला एक प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. इंग्रजी प्रश्नावलीवरून उतरवलेले वाक्य असते: 'आपले दैनिक वेतन किती?' तोडणी करणाऱ्या बाईला हे विचारले तर ती नवऱ्याकडे बघते. विद्यार्थी लिहितो, 'उत्तर नाही', आणि पुढे विश्लेषणात 'स्त्रियांमध्ये जागरूकतेचा अभाव'. खरी गोष्ट अशी, की तिथे मजुरी बाईला वेगळी नसतेच. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला आणि हिशेब होतो तो टनावर. म्हणजे प्रश्नाचे एककच चुकले. विचारायचे ते असे: उचल किती घेतली, कोणाच्या हातात दिली, किती टन तोडले, हिशेब कोणी वाचून दाखवला, फिटली का अंगावर राहिली? पाच प्रश्न झाले, पण प्रत्येकाला उत्तर आहे. संकल्पनेचे कार्यात्मक व्याख्यीकरण असा जडजंबाळ मथळा गाईडमध्ये असतो, तो म्हणजे एवढेच.

उत्पन्नाचेही तसेच. 'वार्षिक उत्पन्न किती?' या प्रश्नाला शेतकरी तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा सांगतो. तो खोटे बोलत नसतो. कागदावर उत्पन्न लिहायचे म्हणजे तोच आकडा लिहायचा, ही त्याची सवय आहे. शिवाय वही-पेन घेऊन आलेला माणूस घरकुलाचा की रेशनकार्डाचा, ही शंका असतेच, आणि दोन्हींत उत्पन्न कमी सांगणे शहाणपणाचे. पिकावार विचारावे: सोयाबीन किती एकर, किती क्विंटल झाले, विकले किती, भाव काय मिळाला, बियाण्याला ठेवले किती. मग दूध रोज किती लिटर, डेअरीला किती, घरात किती. मग मजुरीचे दिवस. एका ओळीच्या जागी दहा-बारा मिनिटे जातात. म्हणून बाकीचे चाळीस प्रश्न निम्म्यावर आणावे लागतात, आणि ते बरेच होते. 'गेल्या बारा महिन्यांत' म्हणण्यापेक्षा 'मागच्या पाडव्यापासून' म्हटले की आठवण जागी होते.

पाच पायऱ्यांची मोजपट्टी, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत', ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवली की समोरची व्यक्ती सगळ्यालाच 'हो, बरोबर' म्हणते. पाहुण्याला नाही म्हणायचे कसे? त्यापेक्षा दहा चिंचोके हातात द्यावेत आणि म्हणावे, घरातला पैसा कशावर जातो त्याप्रमाणे याच्या ढिगाऱ्या करा. आजी तोंडाने जे सांगत नाही ते चिंचोक्यांनी सांगते. स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्याबद्दल 'आपणास स्वातंत्र्य आहे का?' असे विचारू नये. बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर एकटीने जाता की कोणाला घेऊन, असे राष्ट्रीय पाहणी विचारते. तो प्रश्न आहे तसा उचलावा, म्हणजे आपल्या गावाची तुलना राज्याशी तरी करता येते.

घरात बोलायचे कोणाशी, हेही आपण ठरवायचे. दार उघडेल त्याने नव्हे. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये यासाठी एक साधा तक्ता दिला. घरातली पात्र माणसे वयानुसार लिहायची आणि घराच्या क्रमांकावरून तक्ता सांगेल ती व्यक्ती घ्यायची. 'ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो' ही दुसरी पद्धत शहरातल्या सोसायटीत चालते. जिथे जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर सरसकट १ जून आहे तिथे नाही. निवड सुनेची झाली की सासू शेजारी येऊन बसणार हे धरूनच चालावे. दोघांनी जायचे, एकाने सासूबाईंकडून जुन्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत ओसरीवर बसायचे. एकान्त मिळाला नाही तर मारहाणीबद्दलचे प्रश्न विचारूच नयेत. राष्ट्रीय पाहणीतही तसाच नियम आहे. संमतीपत्रावर अंगठा मागितला तर कर्जाचा कागद वाटतो. तोंडी संमती घेऊन साक्षीदाराची सही घ्यावी.

ज्यांना गावात जाणे शक्य नाही, नोकरी करून शिकणारे अनेक आहेत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय पाहण्यांची घरनिहाय आकडेवारी हा उत्तम मार्ग आहे. कोणी घरबसल्या म्हणून हिणवू नये. तिथे चूक वेगळी होते: भार, म्हणजे प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचे तो आकडा, लावायचा राहतो. लहान जिल्ह्यांतून आणि राज्यांतून प्रमाणाबाहेर घरे घेतलेली असतात, त्यामुळे नुसती सरासरी काढली तर ती कोणाचीच नसते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या स्त्रियांच्या फाइलमध्ये व्ही००५ हा रकाना आहे, त्याला दहा लाखांनी भागून भार मिळतो. श्रमबल सर्वेक्षणात त्याच कामाला मल्टिप्लायर असतो. त्या सर्वेक्षणाची नमुना पद्धत जानेवारी २०२५ पासून बदलली आहे, तेव्हा आधीची आणि नंतरची वर्षे डोळे झाकून एकाच आलेखात जोडू नयेत.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. १५ पुरुष आणि १५ स्त्रियांच्या तुलनेत '५३.३३ टक्के विरुद्ध ४६.६७ टक्के' लिहिले की मोठा फरक वाटतो; माणसे मोजली तर आठ आणि सात. दोन गोष्टींचा संबंध तपासणारी काई-वर्ग चाचणी लावण्याआधी तक्त्याच्या प्रत्येक चौकटीतली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली नाही ना, हे बघावे. एसपीएसएस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत पेनड्राइव्हवरून फिरवण्याचे कारण उरलेले नाही. जामोवी आणि आर ही तशीच सॉफ्टवेअर फुकट आहेत, मोबाइलवर माहिती भरायला कोबो टूलबॉक्स मराठीत आणि नेटवर्क नसतानाही चालते. टंकलेखन युनिकोडमध्येच हवे. जुन्या फॉन्टमधला मजकूर वाङ्मयचौर्य तपासणीला वाचताच येत नाही आणि शून्य टक्के साम्य दाखवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. पण शून्य दिसले की आनंद न मानता फॉन्ट बघावा.

आता तर चॅटजीपीटीला सांगितले की ५० उत्तरदाते मिनिटात तयार. बनावट माहिती ओळखायची एक जुनी खूण आहे. आपल्या खेड्यांत वय विचारले की ३०, ३५, ४०, ४५ अशी शून्य-पाचावर गर्दी होते. तिचे मापही आहे, व्हिपलचा निर्देशांक: २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी शून्य किंवा पाचावर संपणारे वय सांगणारे किती, त्याची पाचपट करून शंभराच्या प्रमाणात मांडायचे. १०० म्हणजे गर्दी नाही, ५०० म्हणजे सगळेच शून्य-पाचावर. ८० घरांतल्या सगळ्या माणसांची वये लिहिली तर हा आकडा सहज काढता येतो. वयस्कर, कमी शिकलेल्या गावाच्या माहितीत तो १०० च्या आसपास आला, एकही रकाना रिकामा नाही, एकही 'सांगता येत नाही' नाही, तर परीक्षकाने मूळ भरलेले फॉर्म मागावेत.

एवढे सगळे ३०० तासांत बसते का? प्रकल्पाच्या श्रेयांकाला ३० तास धरले तर तिसऱ्या-चौथ्या सत्रांच्या मिळून १० श्रेयांकांचे तेवढेच होतात. घरयादी २४ तास, दुसऱ्या गावात दहा घरांवर पूर्वचाचणी आणि प्रश्नांची दुरुस्ती २० तास, दिवसाला पाच मुलाखती धरून ८० घरांना सोळा दिवस म्हणजे ११२ तास, माहिती भरणे-तपासणे २०, विश्लेषण ४०, लेखन ६०. बेरीज २७६. उरलेले २४ मार्गदर्शकांच्या भेटींना. ज्यांना आकड्यांऐवजी खोलवर मुलाखती करायच्या आहेत त्यांनी बारा मुलाखतींवर थांबावे. तासाभराचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात, आणि 'अंगावर राहिली'चे 'थकबाकी' करायचे नसते.

आमची अभ्यास मंडळांकडे मागणी लहान आहे. विषय आणि गाव दुसऱ्या सत्राच्या अखेरीस पक्के व्हावेत, म्हणजे पावसाळ्यात घरयादी होईल. चौथ्या सत्राच्या ६ श्रेयांकांपैकी २ श्रेयांकांचे गुण घरयादी, भेटींच्या खुणांची वही आणि भरलेल्या अनुसूची (मुलाखतीचे फॉर्म) पाहून द्यावेत. त्या तोंडी परीक्षेच्या टेबलावर प्रबंधाशेजारी ठेवलेल्या असाव्यात, हातच्या अक्षरात, खाडाखोडीसह. परीक्षकाने त्यातली कोणतीही तीन घरे निवडून विचारावे, इथे काय झाले?

एक काळजी मात्र घ्यावी. यादीत लोकांची नावे असतात. परीक्षा झाली की नावांचा भाग विभागप्रमुखांकडे बंद पाकिटात, ग्रंथालयात जाईल ती प्रत फक्त क्रमांकांची. आणि निकालानंतर ठरावीक मुदतीने पाकीट नष्ट केल्याची नोंद विभागाच्या रजिस्टरात.

आपले,
पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धती शिकवणारे काही अध्यापक
(नावे संपादकांकडे)